होमस्कूलिंग : बालवाडी ते बारावी भाषेचं प्लॅनिंग नक्की कसं करायचं?

दोन_पिल्लांची_आई (नाशिक)

नमस्कार मंडळी. मुलगी पाच वर्षांची, मुलगा नऊचा. मुलगा तिसरीपर्यंत इंग्लिश मीडियमला होता, जूनपासून घरीच शिकतोय, आणि मुलीला शाळेत घातलंच नाही. गणिताचं आमचं बऱ्यापैकी बसलंय, नवरा घेतो ते. परिसर अभ्यास, विज्ञान याचीही फार काळजी नाही, सासरचा मळा आहे, तिथे दोघं दिवसदिवस असतात. अडलंय ते भाषेत.

घरात आम्ही मराठीच बोलतो. मुलगा इंग्लिश ठीक वाचतो, मराठी वाचताना जोडाक्षर आलं की थांबतो आणि माझ्याकडे बघतो. लिहायचं म्हटलं की दोन ओळींत संपवतो, मराठी असो की इंग्लिश. मुलीला गोष्टी प्रचंड आवडतात, एकच पुस्तक रोज वाचायला लावते, अक्षरं अजून शिकवलेली नाहीत.

मी इंटरनेटवर अमेरिकेतले लँग्वेज आर्ट्सचे, म्हणजे भाषा विषयाचे, करिक्युलम बघत बसले आणि जास्तच गोंधळले. फोनिक्सचं (अक्षर आणि त्याचा आवाज जुळवून वाचायला शिकायचं) वेगळं पुस्तक, स्पेलिंगचं वेगळं, ग्रामर वेगळं, व्होकॅब्युलरी वेगळं, कॉम्पोझिशन वेगळं, वर लिटरेचर, आणि हे सगळं प्रत्येक इयत्तेला, बारावीपर्यंत. त्यात मराठी कुठेच नाही अर्थात. मग दोन्ही भाषांचं असं सगळं करायचं का? दिवसभर भाषाच करत बसतील पोरं.

तर मला विचारायचंय की मुलीला आधी कुठली लिपी शिकवू, व्याकरण कधीपासून, मुलाचं लिखाण कसं वाढवू, आणि शेवटी दहावी-बारावीच्या परीक्षेशी हे सगळं कसं जुळवायचं. वर्षावर्षाचा तक्ता नको, पण पुढची बारा-तेरा वर्षं साधारण कशी जातील त्याचा अंदाज हवाय. ज्यांची मुलं मोठी झालीयेत त्यांनी प्लीज लिहा.

---

घरशाळा_पुणे

ताई, माझी मुलगी पूर्ण घरी शिकली, एनआयओएसमधून (केंद्र सरकारचं मुक्त शाळा मंडळ, शाळेत न जाता परीक्षा देता येते) दहावी झाली, आता बारावीचं चालू आहे. त्यामुळे पूर्ण रस्ता बघून लिहितेय.

पहिलं म्हणजे ते सहा वेगवेगळ्या पुस्तकांचं डोक्यातून काढून टाका. वर्गात पस्तीस-चाळीस मुलं असतात, त्यांचं मोजमाप करायला भाषेचे तुकडे करावे लागतात. घरी एक किंवा दोन मुलं, तुम्ही दिवसभर त्यांच्याशी बोलताय, तुम्हाला तुकड्यांची गरजच नाही. भाषेची कामं चारच: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. आणि माझं ठाम मत आहे की होमस्कूलिंगवाले आईबाबा वाचण्या-लिहिण्याच्या मागे लागतात आणि ऐकणं-बोलणं आपोआप होतं असं धरून चालतात. खरं काम तिथेच आहे. मूल जे तोंडाने सलग सांगू शकत नाही ते कागदावर कधीच सलग येणार नाही, पाचव्या वर्षीही नाही आणि पंधराव्या वर्षीही नाही.

म्हणून आमच्याकडे शेवटपर्यंत दोन गोष्टी रोज होत्या. मोठ्याने वाचून दाखवणं, आणि वाचलेलं तिने आपल्या शब्दांत सांगणं. मोठ्याने वाचणं बहुतेक घरांत मूल स्वतः वाचायला लागलं की बंद होतं, ते बंद करू नका. नऊ वर्षांच्या मुलाची स्वतः वाचायची पातळी आणि ऐकून समजायची पातळी यात खूप अंतर असतं, तो एकटा वाचतो त्यापेक्षा कितीतरी अवघड पुस्तक तो ऐकून समजू शकतो. नवे शब्द, लांब वाक्यं, पुस्तकी भाषेचा घाट हे त्याला तुमच्या तोंडूनच मिळणार. तेरा-चौदाची झाल्यावर आम्ही आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, वर्तमानपत्रातले अग्रलेख असं वाचायचो आणि त्यावर जेवताना वाद घालायचो. तोच तिचा निबंधाचा अभ्यास.

सहाव्या वर्षापर्यंत मी काहीच औपचारिक केलं नाही. बडबडगीतं, आजीच्या गोष्टी, कोडी, उखाणे, गावाकडच्या बायकांचं बोलणं. मुलीला तुम्ही तेच पुस्तक रोज वाचून दाखवताय ना, बिनधास्त दाखवा, त्यातूनच तिला कळतं की गोष्टीला सुरुवात असते, मध्येच काहीतरी अडतं आणि मग सुटतं.

पुस्तकांसाठी फार खर्च नको. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. आणि 'किशोर' मासिक, १९७१ पासूनचं, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, तो खजिना आहे, नऊ-दहाच्या मुलाला वर्षानुवर्षं पुरेल. विकत घ्यायचंच तर माधुरी पुरंदरेंचे 'वाचू आनंदे'चे भाग घ्या, त्यात मराठी साहित्यातले उतारे मुलांच्या वयाप्रमाणे निवडलेत, आणि त्यांचंच 'लिहावे नेटके' मुलगा दहा-अकराचा झाला की. आमच्याकडे व्याकरणाचा पाया त्यानेच झाला.

परीक्षेबद्दल नंतर सविस्तर लिहिते. पाच आणि नऊच्या मुलांसाठी आत्ता तो विषयच नाहीये.

---

निवृत्त_गुरुजी (सातारा जिल्हा)

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे मी फक्त वाचायला शिकवण्यावर बोलेन. वरच्या ताईंनी ऐकण्या-बोलण्याचं लिहिलं ते शंभर टक्के खरं आहे.

मुलीला आधी देवनागरी शिकवा. कारण सरळ आहे. आपल्या लिपीत अक्षर जसं दिसतं तसंच जवळजवळ नेहमी वाचायचं असतं, इंग्रजीसारखं एकाच अक्षराचे पाच उच्चार नाहीत. घरची भाषा मराठी, म्हणजे शब्द वाचला की अर्थ लगेच लागतो. वाचणं म्हणजे आवाजातून अर्थ काढणं ही गोष्ट मुलाला एका लिपीत एकदा कळली की दुसऱ्या लिपीत पुन्हा शिकवावी लागत नाही.

पण 'अ अननसाचा' पासून 'ज्ञ ज्ञानेश्वराचा' पर्यंत पाठ करून मग बाराखडी, मग शब्द, असं करू नका. त्यात सहा-आठ महिने मूल एकही खरं वाक्य वाचत नाही आणि त्याला वाटतं वाचणं म्हणजे पाठांतर. पाच अक्षरं घ्या, क म ल ब र, आणि सोबत लगेच काना. एवढ्यावर किती शब्द होतात बघा: काका, मामा, बाबा, मला, काम, बाक, कमल, बारका. 'मामा, काम करा' हे वाक्य झालं. पहिल्या आठवड्यात मूल वाक्य वाचतं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मग पुढची चार-पाच अक्षरं आणि वेलांटी, असं वाढवत जायचं. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन बाईंनी आणि पालघरकडे क्वेस्ट संस्थेने सुरुवातीच्या वाचन-लेखनावर फार मोलाचं काम केलंय, त्यांचं साहित्य मिळालं तर जरूर बघा.

अडचणीच्या जागा आधीच सांगून ठेवतो. भ आणि म, ध आणि घ यात मुलं गोंधळतात, ही जोडी एकाच दिवशी शिकवू नका, एक पक्कं झाल्यावर दुसरं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते पण उच्चार नंतर येतो, तिथे थोडा वेळ द्या. च आणि ज चे दोन उच्चार आहेत, चमचा वेगळा आणि चिमणी वेगळी, जहाज वेगळं आणि जीव वेगळा. मराठी घरातलं मूल शब्द ओळखीचा असेल तर आपोआप बरोबर म्हणतं, नियम सांगायची गरज नाही.

आता मुलाचं. नऊ वर्षांचा मुलगा जोडाक्षराला थांबतो म्हणजे बहुतेक त्याला 'र'ची रूपं कुणी नीट दाखवलेली नाहीत. सूर्य, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या. चार शब्दांत र चार तऱ्हेने लिहिलाय. एका वेळी एकच रूप घ्या, त्याचे पंधरा-वीस शब्द त्याच्याबरोबर शोधा, वर्तमानपत्रात पेन्सिलने गोल करायला लावा, खेळ म्हणून. ते पक्कं झालं की पुढचं रूप. मग क्ष, ज्ञ, श्र, द्य, द्व, ह्म ही वेगळी दिसणारी. बाकीची जोडाक्षरं अर्धं अक्षर कळलं की वाचता येतातच.

आणि एक काळजीचं सांगतो, घाबरवण्यासाठी नाही. रोज सराव होऊनही आठ-नऊच्या पुढे मूल अक्षरं उलटसुलट करत असेल, ओळ सुटत असेल, काल वाचलेला शब्द आज अनोळखी वाटत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. शाळेत कुणीतरी शिक्षक ते हेरतो, घरी हेरणारे तुम्हीच. वेळेत कळलं तर मदत मिळते आणि पुढे परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलतीही मिळतात.

---

ठाणेकर_बाबा

मी थोडं वेगळं मत मांडतो. मराठीवर प्रेम आहेच, पण आपल्या मुलांना पुढे कॉलेज, एन्ट्रन्स, नोकरी सगळं इंग्लिशमध्ये करायचंय. आधी मराठी मग इंग्लिश असं करत बसलो तर नऊ-दहाव्या वर्षी इंग्लिश सुरू होणार, तोवर इतर मुलं पुस्तकं वाचत असतात. आम्ही मुलाला साडेचारलाच फोनिक्स लावलं, आज आठव्या वर्षी तो जाडी इंग्लिश पुस्तकं वाचतो. मराठी घरात बोलतोच की. दोन लिपी एकदम शिकवल्या तर काय बिघडतं? लहान वयात भाषा पटकन येतात असंच सगळे म्हणतात.

---

घरशाळा_पुणे

@ठाणेकर_बाबा तुमच्या मुलाचं छान चाललंय याचा खरंच आनंद आहे, आणि दोन लिपी एकदम शिकवल्याने काही बिघडत नाही हेही मान्य. पण 'मराठी घरात बोलतोच की' यावर मला बोलायचंय, कारण माझ्या ओळखीतल्या बऱ्याच घरांत गाडी इथेच अडते. घरातलं बोलणं म्हणजे जेवायला ये, चप्पल कुठे टाकलीस, आवर लवकर. त्यात कार्यकारणभाव, अनुमान, परिणाम, विरोध, सहमती असले शब्द येत नाहीत. मूल मराठी फक्त बोललं आणि वाचलं नाही, तर त्याची मराठी सात-आठ वर्षांच्या मुलाची राहते आणि मग ते पंधराव्या वर्षी म्हणतं की मला मराठीत विचारच करता येत नाही. तो त्याचा दोष नाही, आपण त्या भाषेला वाढूच दिलं नाही.

इंग्लिश नऊ-दहाव्या वर्षी सुरू करा असं मी म्हणत नाहीये. ऐकणं-बोलणं पहिल्या दिवसापासून चालू द्या, इंग्लिश गोष्टीही वाचून दाखवा. फक्त वाचायला शिकवताना एक लिपी सहज व्हायला लागली की मग दुसरी. आमच्याकडे मराठी सात वर्षांपर्यंत झरझर वाचता यायला लागली आणि मग फोनिक्स केलं. १९८६ साली गॉफ आणि टनमर या दोन संशोधकांनी एक साधं सूत्र मांडलं होतं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं वाचता येणं गुणिले बोललेलं समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. इंग्लिश फोनिक्स कितीही पक्कं असलं तरी मुलाला ऐकून इंग्लिश समजत नसेल तर तो फक्त आवाज काढतोय. तुमचा मुलगा समजून वाचतोय म्हणजे घरात इंग्लिश ऐकायला मिळालं असणार. नाशिकच्या ताईंच्या घरी तसं असेलच असं नाही.

---

ऑस्टिन_मराठी

मी टेक्सासमध्ये असते, दोन्ही मुलांना घरी शिकवते. ताई, तुम्ही जे अमेरिकन करिक्युलम बघितले त्याबद्दल इथून सांगते म्हणजे दडपण कमी होईल.

ती पुस्तकं विकणाऱ्या कंपन्यांचं जग आहे, कायद्याची मागणी नाही. टेक्सासमध्ये होमस्कूल ही खासगी शाळा धरली जाते, १९९४ च्या लीपर खटल्यात इथल्या सुप्रीम कोर्टाने ते पक्कं केलं. रजिस्ट्रेशन नाही, सरकारी परीक्षा नाही. वाचन, स्पेलिंग, ग्रामर, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढं शिकवा, लिखित अभ्यासक्रम असू द्या, बस. दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे, काही ठिकाणी दरवर्षी मूल्यमापन द्यावं लागतं. त्यामुळे इयत्तेप्रमाणे ठरवलेलं सगळं करायलाच हवं असं इथेही नाही.

इथे बऱ्याच घरांत शार्लट मेसन या ब्रिटिश बाईंची पद्धत चालते, त्या १८४२ ते १९२३ या काळातल्या. सहा वर्षांपर्यंत औपचारिक धडे नाहीत. मग चांगलं पुस्तक एकदाच वाचायचं आणि मुलाने लगेच ते सांगायचं, त्याला नॅरेशन म्हणतात. साधारण दहाव्या वर्षापर्यंत सगळं तोंडी, मग हळूहळू लेखी. लिखाणासाठी आधी चांगल्या लेखकाची दोन-तीन वाक्यं सुंदर अक्षरात उतरवून काढायची, मग तीच श्रुतलेखन म्हणून. यातून स्पेलिंग, विरामचिन्हं, वाक्यरचना तिन्ही एकदम होतात. हे मराठीत करायला काहीच अडचण नाही, आम्ही करतो. आपल्याकडे शुद्धलेखनाची वही असायचीच की, फक्त ती शिक्षा म्हणून वापरली नाही म्हणजे झालं. उतारा छोटा हवा आणि मुलाला आवडलेला हवा.

दुसरी एक पद्धत इथे आहे, क्लासिकल म्हणतात. लहानपणी पाठांतर आणि माहिती, मधल्या वयात तर्क, मोठेपणी प्रभावी मांडणी. मला त्यातलं पाठांतर आवडतं. आर्या, श्लोक, अभंग, कविता मुलांना अर्थ पूर्ण कळायच्या आधी पाठ असू द्यात, ती लय कानात राहते आणि पुढे वाक्यात उतरते. पण व्याकरणाचे तक्ते सात वर्षांच्या मुलाकडून घोकून घेणं मला पटत नाही, ते मी केलं नाही.

मराठीसाठी आम्ही बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत जातो, त्याचा अभ्यासक्रम आणि भारती विद्यापीठाची परीक्षा आहे, आठवड्यातून एकदा इतर मुलांबरोबर मराठी बोलायला मिळतं हे जास्त महत्त्वाचं.

हायस्कूलमध्ये मात्र इथे कागदपत्रं नीट लागतात. नववी ते बारावी चार वर्षांचं इंग्लिश, चार क्रेडिट, हे कॉलेजं धरून चालतात. ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे या वर्षांतले विषय आणि ग्रेड यांचा तक्ता, आईवडीलच बनवतात. म्हणून नववीपासून प्रत्येक वर्षी काय वाचलं, कशावर काय लिहिलं, याची यादी ठेवायची, आणि प्रत्येक वर्षातले दोन-तीन चांगले निबंध पहिल्या खर्ड्यापासून जपून ठेवायचे. तुमच्या मुलांना पुढे बाहेर शिकायचं असेल तर ही सवय तिकडेही उपयोगी पडेल.

---

दोन_पिल्लांची_आई (नाशिक)

सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री उशिरा दोघं झोपल्यावर वाचत बसले. गुरुजी, 'मामा, काम करा' आज मुलीला करून बघितलं, तिने स्वतःहून 'काका, बाक' वाचलं आणि घरभर वाचत फिरतेय. र चे शब्द मुलाबरोबर उद्यापासून.

दोन शंका अजून. मुलाला तोंडी सांग म्हटलं तर तो भरभरून सांगतो, विशेषतः मळ्यातल्या मोटारीचं किंवा सापांचं, पण तेच लिही म्हटलं की 'साप आला. मग गेला.' एवढंच. आणि मी स्वतः ऱ्हस्व-दीर्घात कच्ची आहे, त्याला कसं शिकवू? शिवाय घरशाळा ताई, परीक्षेचं तुम्ही लिहिणार होतात.

---

निवृत्त_गुरुजी (सातारा जिल्हा)

ताई, मुलगा भरभरून सांगतो म्हणजे लिखाणाचं निम्मं काम झालेलं आहे. नऊ वर्षांच्या हाताला अजून अक्षर काढायचंच कष्ट पडतात, त्याच वेळी विचारही करायचा, शुद्धलेखनही सांभाळायचं, तिन्ही एकदम होत नाही म्हणून तो दोन वाक्यांत सुटका करून घेतो. कामं वेगळी करा. तो सांगेल, तुम्ही लिहा, त्याच्याच शब्दांत, सुधारू नका. मग त्याला वाचून दाखवा, त्याला स्वतःलाच कळतं कुठे काय राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यातली चारच वाक्यं त्याने उतरवायची. आठवडाभराने पाच. काही महिन्यांत तो म्हणेल दे मीच लिहितो. तेव्हाही चुका लाल पेनाने भरून टाकू नका, एका वेळी एकच गोष्ट सुधारायची, या आठवड्यात पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात अनुस्वार.

ऱ्हस्व-दीर्घाची भीती बाळगू नका. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार, असे अठराच नियम आहेत, आणि रोजच्या लिखाणातल्या बहुतेक चुका त्यातल्या तीन-चार नियमांत सुटतात. शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ: मी, पाटी, जादू, कवी. 'आणि' मात्र ऱ्हस्व. शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याआधीची वेलांटी-उकार ऱ्हस्व: दिवा, सुरी, किडा, विळी. शेवटी अकारान्त अक्षर असेल तर त्याआधीचं दीर्घ: फूल, मूल, गरीब, वकील. आणि त्याच शब्दाला प्रत्यय लागला की पुन्हा ऱ्हस्व: फुलाला, मुलाने, गरिबाचा, वकिलाकडे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द थोडे वेगळे वागतात, गुण, विष, मंदिर वगैरे, ते वाचून वाचून डोळ्यात बसतात. एवढं तुम्ही दोघं मिळून शिका. आई आपल्याबरोबर शिकतेय हे मुलाला फार आवडतं. पुढे तो बारा-तेराचा झाला की मो. रा. वाळंब्यांचं व्याकरणाचं पुस्तक घरात असू द्या, शंका आली की उघडायला.

---

घरशाळा_पुणे

गुरुजींनी लिखाणाचं सांगितलंच, मी वरच्या वयाचं आणि परीक्षेचं सांगते.

अकरा ते चौदा हा काळ मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याच काळात लोक पाठ्यपुस्तकाकडे पळतात. या वयात खरं कारण असलेलं लिखाण द्या. नगरपालिकेला पथदिव्याबद्दल अर्ज, आजोबांची मुलाखत घेऊन टाइप करणं, मळ्यातल्या पिकाची नोंदवही, पुस्तकाबद्दल मावशीला पत्र. मुलाला साप आवडतात तर नाशिक परिसरातल्या सापांवर त्याने स्वतः पुस्तिका करावी, आधी वाचून, मग माहितगार माणसांशी बोलून. मराठी टायपिंग याच वयात शिकवा, पुढे सगळं त्यावरच होणार आहे.

आणि भाषांतर. दोन भाषा घरात आहेत तर याच्यासारखा व्यायाम नाही. इंग्लिश बातमीचा एक परिच्छेद मराठीत, मराठी गोष्टीचा एक परिच्छेद इंग्लिशमध्ये, आठवड्यातून एकदा. शब्दाला शब्द ठेवून वाक्य उभंच राहत नाही हे मुलांना स्वतःच्या हाताने कळतं आणि दोन्ही भाषांचं व्याकरण एकदम समजायला लागतं, कर्ता कुठे, क्रियापद कुठे, कोणत्या भाषेत काय गाळलं तरी चालतं. आमच्याकडे व्याकरणाच्या संज्ञा यानंतरच आल्या आणि पटापट आल्या कारण कशाला नाव देतोय ते माहीत होतं. अवघड शब्दांसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्लिश कोश आणि दाते-कर्व्यांचा मराठी शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात, मुलीला मोल्सवर्थचा इतका नाद लागला की एक शब्द शोधायला जाऊन अर्धा तास तिथेच.

चौदाच्या पुढे साहित्य. इथे मी हात राखून निवडलं नाही. लीळाचरित्रातल्या छोट्या लीळा, ज्ञानेश्वरीतल्या थोड्या ओव्या अर्थासकट, तुकाराम भरपूर, जोतिराव फुल्यांचं गद्य, लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे, दया पवारांचं बलुतं. सातशे वर्षांची भाषा एका मुलीच्या कानावरून गेली. यात काही वाचायला जड आहे, काही मनाला जड आहे, म्हणूनच ते घरात आईबाबांबरोबर वाचायचं. पारी या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प आहे, हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या लाखाच्या वर ओव्या, बऱ्याच आवाजासकट ऐकता येतात. तिथल्या दहा-पंधरा ओव्या घेऊन मुलीने सासर-माहेर यावर निबंध लिहिला. इंग्लिशमध्येही असंच, दरवर्षी थोडीच पुस्तकं पण सावकाश, आणि प्रत्येकावर एक निबंध, तीन खर्डे करून.

आता परीक्षा. एनआयओएसच्या दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. किमान पाच विषय, त्यात एक भाषा हवीच, जास्तीत जास्त दोन. मराठी विषय घेता येतो, इंग्लिश आहेच. वीस टक्के मार्क घरी लिहायच्या असाइनमेंटला असतात, त्याला ते टीएमए म्हणतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, आणि पाच वर्षांत विषय सुटे सुटे देता येतात, त्यामुळे भाषेचे विषय आधी देऊन मोकळं होणारी मुलं बरीच असतात. बारावीच्या भाषांची यादी दहावीपेक्षा वेगळी आहे, ती आधीच बघून घ्या. १७ नंबर फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षाही बाहेरून देता येते पण त्याला आधीच्या शाळेचा दाखला मागतात. मुलाकडे तो आहे, जपून ठेवा. मुलगी शाळेत गेलीच नाही, तिच्यासाठी एनआयओएस सोपं पडेल.

भाषेच्या पेपरची तयारी म्हणाल तर वर्षभर आधी सुरू केली तरी पुरते. उतारा, पत्र, सारांश, निबंध, व्याकरण, हेच असतं, आणि वरचं सगळं झालं असेल तर फक्त वेळेत लिहायचा आणि हाताने सलग तीन तास लिहायचा सराव करायला लागतो. हाताने, हे लक्षात ठेवा, कारण टाइप करणाऱ्या मुलांचा हात दुखतो. मंडळाची कुमारभारती आणि अक्षरभारतीची पुस्तकं आणून त्यातले उतारे त्या वर्षी वापरा, छान निवडलेले असतात.

---

दोन_पिल्लांची_आई (नाशिक)

ताई, सापांची पुस्तिका ही कल्पना मुलाला आत्ताच सांगितली, त्याने वही काढून पहिल्या पानावर घोणस, नाग, मण्यार, धामण अशी यादी केलीय, मी न सांगता. फुरसं राहिलं म्हणून परत उठून गेला. तो दाखला कपाटात आहे, फाइलला लावते. गुरुजी, दुसऱ्या गटात वेलांटीबरोबर कुठली अक्षरं घेऊ तेवढं सांगाल का?

---

निवृत्त_गुरुजी (सातारा जिल्हा)

न, त, स, प, च आणि दीर्घ वेलांटी. पाणी आणि साखर राहतात कारण ण आणि ख नाहीत, पण बाकी बरंच येतं: पीक, तीन, सीता, नानी, पान, पीस, चार, बारीक, तरी, नीरा. आजी, आई यायला ज आणि स्वर लागतील, ते तिसऱ्या गटात आधी घ्या, तिला तेच शब्द वाचायची घाई असणार. ऱ्हस्व वेलांटी दीर्घ पक्की झाल्यावरच.